ड्यूटीची पिशवी

गेल्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. मूळची लातूरकडची. नवऱ्याच्या ग्रीनकार्डाबरोबर तिचंही आलं, मग तिने एनक्लेक्स, म्हणजे इथली नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा, दिली आणि आता डॅलसच्या बाहेरच्या एका गावात नाईट करते. कामाला लागून जेमतेम आठ महिने झालेत. इथल्या मराठी नर्सेसचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथली ओळख. एरवी ती ड्रिपचा हिशेब विचारते, नाहीतर चांगली मेथी कुठे मिळते ते. त्या दिवशी आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, एक विचारू का? ग्रुपवर नको वाटलं. मी बंदुकीचं लायसन्स काढलं तर बोर्ड माझं नर्सिंगचं लायसन्स काढून घेईल का हो?"

मी म्हटलं, "नाही गं. बोर्डाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही."

"बरं झालं विचारलं," म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मला मात्र चैन पडेना. उत्तर खरं होतं, पण फारच अपुरं होतं. २०२१ साली मी स्वतः ते लायसन्स काढलं, पाच महिने पिस्तूल जवळ ठेवलं आणि मग विकून टाकलं, हे मी तिला सांगितलंच नाही. माहेरी-सासरी आजही कुणाला माहीत नाही. तिच्यासाठी म्हणून लिहायला बसले.

मी परळच्या केईएमची. १९९८ ते २००१ तिथल्या नर्सिंग स्कूलमध्ये होते. हॉस्टेलवर राहायचे, सुट्टी मिळाली की साताऱ्याला जायचे. ड्यूटीच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली, कात्री, एक निळं आणि एक लाल पेन, आणि पिशवीच्या पट्ट्याला आतून लावलेली एक मोठी सेफ्टीपिन. लोकलमध्ये कुणी अंगचटीला आला तर टोचायची. पिन मुठीत कशी धरायची, हे सीनियर मुलींनी पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं. इंजेक्शन द्यायला शिकण्याआधी मी ते शिकले.

चार नंबर वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत तेव्हा अरुणा शानबाग होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्यूटी संपवून हॉस्पिटलच्याच तळघरात कपडे बदलत असताना तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ ला गेल्या, तोपर्यंत त्या केईएममध्येच होत्या. सिस्टरांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना भरवलं, अंग पुसलं, कूस बदलली. त्यांना दुसरीकडे हलवायची गोष्ट निघाली तेव्हा सिस्टर आडव्या आल्या, आणि सुप्रीम कोर्टात दयामरणाचा प्रश्न गेला, ज्याचा निकाल २०११ मध्ये लागला, तेव्हाही. आम्ही विद्यार्थिनी त्या दारावरून जाताना आपोआप हळू चालायचो. कपडे बदलायला एकटीने जायचं नाही, जोडीने जायचं, असा आमच्या बॅचचा नेम होता. कुणी तो लिहून दिलेला नव्हता.

हे सगळं इथे सांगायचं कारण असं की नर्सची भीती मला अमेरिकेत येऊन कळलेली नाही. इथे फक्त तिच्यावरचा उपाय दुकानात मिळतो.

२००६ मध्ये मी नवऱ्यामागून ह्यूस्टनला आले. त्याच्या व्हिसावर मला काम करता येत नव्हतं; मे २०१५ मध्ये नियम बदलला तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. पुस्तकं उघडली, एनक्लेक्स दिली आणि २०१६ पासून आयसीयूत आहे. आमचं ग्रीनकार्ड २०१९ मध्ये आलं. पुढच्या गोष्टीत ही तारीख महत्त्वाची आहे, म्हणून सांगितली.

जानेवारी २०२१. कोव्हिडची दुसरी मोठी लाट. दिवसपाळी सातला संपायची, हँडओव्हर करून निघेपर्यंत पावणेआठ. पार्किंग गॅरेजचा तिसरा मजला, दोन दिवे बंद. गाडीपाशी पोचले तर माझ्या दाराला टेकून एक माणूस उभा. तिशीतला, अंगावर काम करताना घालतात तसलं जाड जॅकेट. मी त्याला ओळखलं. त्याला प्रत्यक्ष कधीच पाहिलं नव्हतं, पण नऊ दिवस आयपॅडच्या पडद्यावर पाहत होते. त्याचे वडील माझ्याकडे व्हेंटिलेटरवर होते. भेटायला कुणाला परवानगी नव्हती, म्हणून मीच रोज दुपारी आयपॅड त्यांच्या उशाशी धरायची आणि हा पलीकडून स्पॅनिशमध्ये बोलायचा. त्या दिवशी अकरा वाजता ते गेले होते.

"तुम्ही मारलं त्यांना," तो म्हणाला. मग ओरडला. मी दुसऱ्या बाजूने जाऊन गाडीत बसले, दारं लॉक केली. त्याने काचेवर मूठ मारली. एकदा, दोनदा, मग मोजायचं सुटलं. मी सिक्युरिटीला फोन केला. गार्ड यायला अकरा मिनिटं लागली. फोनमध्ये वेळ नोंदलेली होती म्हणून आकडा सांगते आहे. तो आला तेव्हा हा माणूस माझ्या पुढच्या चाकाशी जमिनीवर बसून रडत होता.

घरी गेले, आंघोळ केली, जेवले नाही. आठवडाभर गॅरेजच्या जिन्यात पाय टाकला की हाताला घाम फुटायचा. सुपरवायझरला सांगितलं तर ती म्हणाली की गाडी खालच्या मजल्यावर लावत जा. खालचा मजला डॉक्टरांसाठी राखीव होता.

फेब्रुवारीत माझ्याबरोबरच्या एका टेक्सन नर्सने स्वतःहून सांगितलं की तिच्या गाडीत कायम पिस्तूल असतं, बऱ्याच जणींच्या गाडीत असतं. मार्चमध्ये मी लायसन्सच्या वर्गाला नाव घातलं.

टेक्सासमध्ये हे लायसन्स काढणं अवघड नाही. वय २१ पूर्ण, बोटांचे ठसे, पूर्वीच्या गुन्ह्यांची तपासणी, चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा आणि ५० गोळ्यांची नेमबाजी: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २०, १५ यार्डांवरून १०. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. फी ४० डॉलर. ग्रीनकार्डवाल्यांना ते मिळू शकतं. एच-वन (नोकरीचा), एच-फोर (नोकरीवाल्याच्या जोडीदाराचा) किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मात्र संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच मनाई आहे; शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर. आपली शिकायला आलेली मुलं हौसेने रेंजवर जाऊन हातात बंदूक घेतलेले फोटो टाकतात, तेव्हा माझा जीव वरखाली होतो. त्यांच्या आईवडिलांना हा कायदा माहीत नसतो आणि बहुधा मुलांनाही.

आमचे शिक्षक निवृत्त डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या खात्यातले पोलीस होते. सत्तरीला टेकलेले, अतिशय सभ्य. वर्गाच्या सुरुवातीलाच त्यांनी या कायद्याचा जन्म कसा झाला ते सांगितलं. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीन नावाच्या गावात लुबीज या खाणावळीत एका माणसाने गाडी आत घातली आणि २३ जणांना गोळ्या घालून मारलं. सुझॅना हप तिथे आईवडिलांबरोबर जेवत होत्या. त्यांच्याकडे रिव्हॉल्व्हर होतं, पण तेव्हा ते लपवून जवळ बाळगायला टेक्सासमध्ये बंदी होती. कायद्यात अडकू नये म्हणून त्यांनी ते गाडीत ठेवलं होतं. त्या हल्ल्यात त्यांचे आईवडील दोघेही गेले. त्या कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्या होत्या; आपल्यासारखीच धंद्याचं लायसन्स असलेली बाई. पुढे त्या ठिकठिकाणी साक्ष देत फिरल्या, आमदार झाल्या. १९९५ मध्ये गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी परवान्याच्या कायद्यावर सही केली.

ही गोष्ट ऐकताना मी सुन्न झाले होते. बंदुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांना वेडं ठरवणं आपल्या लोकांत फार सोपं असतं. त्या बाईंच्या जागी मी असते तर उरलेला जन्म त्या गाडीतल्या रिव्हॉल्व्हरचाच विचार करत राहिले असते.

नेमबाजीत मला २३१ गुण मिळाले. शिक्षकांनी विचारलं, आधी कधी केलंय का? मी म्हटलं, नाही, पण कित्येक वर्षं शिरा शोधते आहे. हात हलू न देणं, श्वास सोडताना दाबणं, हे सगळं ओळखीचं होतं. ते मला अजिबात आवडलं नाही. कॅन्युला घालताना जे कसब वापरते तेच इथे कामाला येतंय, याचा धक्का त्या दिवसभर उतरला नाही.

निघताना त्यांनी बायकांना वेगळं थांबवून एक गोष्ट सांगितली, आणि पुढे सगळं त्या एका गोष्टीवर येऊन थांबलं. पिस्तूल पर्समध्ये ठेवणार असाल, तर आजपासून ती पर्स म्हणजे पर्स नव्हे. ती खुर्चीच्या पाठीला अडकवायची नाही, ट्रॉलीत ठेवायची नाही, मैत्रिणीच्या हातात द्यायची नाही, एक मिनिटही हातावेगळी करायची नाही. मी ऐकत होते आणि डोळ्यांसमोर आमची ब्रेकरूम आली. नर्सची पिशवी बारा तास लॉकरमध्ये असते, किंवा लॉकर भरलेले असले तर बाकाखाली. सॅनिटरी पॅड काढायला, डोकेदुखीची गोळी काढायला आम्ही एकमेकींच्या पिशव्यांत न विचारता हात घालतो.

कार्ड मे महिन्यात आलं. पिस्तूल घेतलं, गाडीच्या सीटखाली तारेने बांधलेली लोखंडी पेटी घेतली. टेक्सासचा कायदा इथे नर्सच्या बाजूने आहे: २०११ पासून, कायदेशीर मालकीची बंदूक नोकराने स्वतःच्या कुलूपबंद गाडीत ठेवली तर मालकाला सहसा अडवता येत नाही, गाडी मालकाच्या पार्किंगमध्ये असली तरी. हॉस्पिटलची इमारत मात्र वेगळी. तिथे प्रशासनाची लेखी परवानगी नसेल तर लायसन्स असूनही बंदूक नेणं हा गुन्हा आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत पार्किंग, गॅरेज, रस्ता हे त्या इमारतीत मोडत नाहीत. बहुतेक ठिकाणी दारावर मोठी पाटी असते, इंग्रजी आणि स्पॅनिश, किमान एक इंच उंचीची अक्षरं. सगळे तिला कलमाच्या आकड्याने ओळखतात, थर्टी-ओ-सिक्स.

म्हणजे माझी रोजची कवायत अशी: घरून निघताना पिस्तूल पर्समध्ये, गॅरेजमध्ये पोचल्यावर इकडेतिकडे पाहून पेटीत, कुलूप, मग ड्यूटी. सुटल्यावर गाडीत बसून पेटी उघडायची, पुन्हा पर्समध्ये. ज्या पन्नास पावलांची मला भीती होती, जिन्यापासून गाडीपर्यंतची, त्या पन्नास पावलांत ते माझ्याजवळ नसायचंच. ते गाडीत असायचं. एवढी साधी गोष्ट लायसन्स हातात पडेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती. सुटल्यावर ते घ्यायला मला त्याच अंधारातून चालत जावं लागत होतं.

दुसरी भीती चोरीची. हॉस्पिटलच्या गॅरेजमध्ये गाड्या फुटतात. बारा तास तिथेच उभ्या राहणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिफ्टच्या मध्येच कधीतरी मनात यायचं: पेटी लावली ना? व्हेंटिलेटरचे अलार्म वाजत असताना, रक्ताची पिशवी तपासताना यायचं. आम्ही औषध देण्याआधी नाव, डोस, वेळ तीन-तीनदा पाहतो ते मन भटकतं म्हणूनच, आणि मी स्वतःच्या हाताने भटकायला आणखी एक जागा तयार करून ठेवली होती.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी मुलीचं शाळेत काहीतरी होतं, दूध आणायचं होतं, उशीर झाला होता. गाडी लावली, पिशवी उचलली आणि पळत निघाले. कर्मचाऱ्यांच्या दारापाशी बॅज टेकवायला हात वर केला आणि ती पाटी दिसली. रोजच दिसायची. त्या दिवशी पिशवी खांद्याला जड लागली.

ते आत होतं.

मी वळले, भिंतीच्या कडेकडेने चालत गाडीपर्यंत गेले, पेटीत ठेवलं, कुलूप लावलं, तीनदा ओढून पाहिलं. हँडओव्हरला नऊ मिनिटं उशीर झाला. नाईटच्या सिस्टरने काही विचारलं नाही, फक्त मला पाणी आणून दिलं. माझा चेहरा कसा दिसत असेल कोण जाणे. आणखी एक पाऊल पुढे गेले असते तर मी गुन्हेगार होते. आणि कुणी पिशवीत गोळी शोधायला हात घातला असता तर काय, तो विचार मी आजही पुरा करत नाही.

त्याच आठवड्यात परवानाधारक दुकानदाराला पिस्तूल विकलं.

तर आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. टेक्सासचं नर्सिंग बोर्ड तुझ्याकडे बंदुकीचा परवाना आहे का, हे विचारत नाही. दोन्ही लायसन्ससाठी तुझ्याच दहा बोटांचे ठसे जातात, पण परवाना असणं हा डाग नाही. बोर्ड विचारतं ते गुन्ह्यांबद्दल. शिक्षा झाली, किंवा शिक्षा लांबणीवर टाकून देखरेखीखाली सोडलं, तरी ते बोर्डाला सांगावं लागतं. म्हणजे पिशवी चुकून आत गेली आणि कुणी तक्रार केली, की बंदुकीचं लायसन्स नर्सिंगच्या लायसन्सला जाऊन भिडतं. त्याआधी नोकरी जाते. टेक्सासमध्ये नोकरी मालकाच्या मर्जीवर असते. हॉस्पिटलच्या पॉलिसीत हत्यारांबद्दल काय लिहिलंय ते रुजू होतानाच्या ढीगभर कागदांत असतं, आणि त्यावर आपली सही असते. ती पॉलिसी काढून वाच. माझ्या ओळखीत एकीला फक्त ब्रेकरूममध्ये "माझ्या गाडीत आहे" असं बोलल्याबद्दल एचआरने बोलावून घेतलं होतं. कायद्याने काही झालं नाही, पण पुढच्या वर्षी चार्ज नर्सची, म्हणजे पाळीच्या प्रमुख सिस्टरची, जागा निघाली तेव्हा तिचं नाव कुणी घेतलं नाही.

आणि आपल्यासाठी तिसरी गोष्ट आहे, जी तुझ्या टेक्सन मैत्रिणीला लागू नाही. ग्रीनकार्डवाली व्यक्ती बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरली तर तिला देशाबाहेर काढता येतं. त्या मैत्रिणीची चूक दंडावर भागेल, तुझी भागेलच असं नाही.

पुढे ट्रॅव्हल नर्सिंग, म्हणजे राज्याराज्यांत फिरून थोड्याथोड्या महिन्यांची कामं, करायचं म्हणतेस ना, मग हेही ऐक. आपलं नर्सिंगचं कॉम्पॅक्ट लायसन्स चाळीसहून अधिक राज्यांत चालतं. बंदुकीचं तसं नाही. कोणतं राज्य कुणाचा परवाना मानतं याचं जाळं वेगळंच आहे, आणि दोन्ही जाळ्यांच्या गाठी एकमेकींवर बसत नाहीत. न्यू जर्सी कॉम्पॅक्टमध्ये आहे, तुझं नर्सिंगचं लायसन्स तिथे चालेल. बंदुकीचं चालणार नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक बाई, रुग्णांचं रक्त काढायचं काम करणारी, दोन मुलांची एकटी आई, गाडीने न्यू जर्सीत शिरली. वर्षभरात दोनदा लुटली गेली होती म्हणून तिने पेनसिल्व्हेनियाचा परवाना काढून पिस्तूल घेतलं होतं. वाहतूक पोलिसाने गाडी थांबवली तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे परवाना आहे आणि पिस्तूलही आहे. तिला वाटलं परवाना म्हणजे परवाना, गाडी चालवायच्या लायसन्ससारखा. तिला अटक झाली, साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या कैदेची टांगती तलवार आली. प्रकरण देशभर गाजलं, आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी तिला माफी दिली. खरं बोलल्यामुळे ती अडकली, हे मला फार लागतं, कारण आपल्यालाही तसंच वाढवलेलं आहे.

माजी सैनिकांची हॉस्पिटलं संघराज्याची, तिथे राज्याचा परवाना चालत नाही. घरोघरी जाणाऱ्या नर्सेसचं दुखणं आणखी निराळं, त्या तर एकट्याच असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये कनेटिकटमध्ये एका नर्सला ती औषध द्यायला गेली त्या घरातच ठार मारलं. ज्याच्याकडे गेली तो लैंगिक गुन्ह्याची शिक्षा भोगून सुटलेला होता. पुढच्या वर्षी त्या राज्याने घरी जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी कायदा केला. त्या बाईंबद्दल वाचल्यापासून घरी जाणाऱ्या नर्सला "बंदूक ठेवू नकोस" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

"पण ताई, आतच कुणी आला तर?" हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील.

२२ ऑक्टोबर २०२२ ला तुझ्याच डॅलसमध्ये, मेथडिस्ट हॉस्पिटलच्या बाळंतपणाच्या मजल्यावर, एक माणूस आपल्या नुकत्याच बाळंत झालेल्या मैत्रिणीच्या खोलीत बसला होता. पॅरोलवर सुटलेला, पायाला देखरेखीची पट्टी. बाळाच्या जन्मासाठी हॉस्पिटलात थांबायची त्याला परवानगी मिळालेली होती. बंदूक बाळगण्याचा त्याला कायद्याने हक्कच नव्हता. त्याने आधी खोलीत आलेल्या समाजसेविकेला गोळी घातली आणि मग आवाज ऐकून दारात डोकावलेल्या नर्सला. दोघीही गेल्या. हॉस्पिटलच्या पोलीस सार्जंटने त्याच्या पायावर गोळी झाडून त्याला अडवलं.

त्या बातमीनंतर आमच्याकडे पुन्हा लायसन्सच्या गप्पा सुरू झाल्या. मी त्या नर्सचाच विचार करत राहिले. आवाज आला आणि ती दारात आली. मीही तेच केलं असतं. आवाज आला की आपण आवाजाच्या दिशेने जातो. वर्षानुवर्षांच्या सवयीने पाय आपोआप तिकडे वळतात, आणि हातात तेव्हा असतो सलाईनचा पंप, लघवीचं भांडं, किंवा दुसऱ्या पेशंटचा हात.

दरवर्षी आम्हाला "पळा, लपा, लढा" हा व्हिडिओ दाखवतात. तो २०१२ मध्ये आमच्या ह्यूस्टन शहरानेच बनवला. ऑफिससाठी तो योग्यच आहे. आयसीयूत मात्र माझ्याकडे दोन पेशंट असतात, दोघांच्या घशात नळ्या, एकाला डायलिसिस चालू. पळायचं कसं? प्रशिक्षणाच्या शेवटी मी हात वर करून हे विचारलं होतं. शिकवणाऱ्या बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, कायदा तुम्हाला थांबायला सांगत नाही. मी म्हटलं, ते माहीत आहे.

आता जे लिहिते ते लिहू की नको, यावर दोन दिवस घालवले. २०२१ च्या त्या उन्हाळ्यात माझी मनःस्थिती ठीक नव्हती. लाटेत गेलेल्यांचे चेहरे रात्री यायचे. झोप नाही, भूक नाही, नवऱ्याशी बोलणं नाही. आणि पिस्तूल तेव्हा घरात होतं. मी त्याच्याकडे तशा नजरेने एकदाच पाहिलं, एका पहाटे, फार तर मिनिटभर. मग उठून मुलीच्या खोलीत जाऊन झोपले. त्याच वर्षी अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, आणि त्यातल्या २६,३२८ जणांनी ती स्वतःवर चालवली होती. निम्म्याहून जास्त. गोळ्या खाल्लेल्या पेशंटला आम्ही पुष्कळदा वाचवतो; बंदुकीने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी दहातले नऊ जण वाचत नाहीत. नर्सेसमध्ये आत्महत्येचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, हे आता अभ्यासांतून पुढे आलं आहे. कोणता वर्ग, कोणता फॉर्म हे विचारत नाही की बाई, तुम्हाला झोप लागते का? मी कौन्सेलरकडे गेले ते पिस्तूल विकल्यानंतर. आधी जायला हवं होतं. बोर्डाला कळेल, लायसन्सवर येईल, या भीतीने गेले नाही. असं कौन्सेलरकडे जाण्याने लायसन्सवर काही येत नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येक सिस्टरने एवढी एक ओळ तरी लक्षात ठेवावी असं मला कळकळीने वाटतं.

२०२३ मध्ये टेक्सासने एक कायदा केला, सिनेट बिल २४०. हॉस्पिटलांनी हिंसा रोखण्यासाठी समिती नेमायची, लेखी योजना करायची, कर्मचाऱ्यांना दरवर्षी प्रशिक्षण द्यायचं, तक्रार करणाऱ्यावर सूड घ्यायचा नाही. समितीत प्रत्यक्ष रुग्णसेवा करणारी किमान एक नर्स हवीच. आमच्याकडे १ सप्टेंबर २०२४ च्या मुदतीच्या आधी समिती झाली, आणि मी नाव दिलं. नवऱ्याला वाटलं मला मिटिंगांची हौस आली आहे. माझ्या डोक्यात ती अकरा मिनिटं होती.

पहिल्या बैठकीत मी दिव्यांचा विषय काढला. तिसऱ्या मजल्याचे दिवे. इमारतीची देखभाल पाहणाऱ्या माणसाकडे त्याची नोंदच नव्हती, कारण आम्ही कुणी कधी लिहून दिलं नव्हतं. एकमेकींना सांगितलं होतं. दिवे सहा आठवड्यांनी लागले. मग गार्डच्या फेरीची वेळ शिफ्ट सुटण्याच्या वेळेशी जुळवून घेतली, त्याला चार महिने गेले. बॅजवर धोक्याचं बटण आलं. मृत्यूनंतर नातेवाइकांना भेटायला वेगळी खोली आणि सोबत समाजसेवक, हे मी हट्टाने लावून धरलं. सुरक्षेच्या समितीत हा विषय कशाला, असं एकाने विचारलं. मी त्याला आयपॅडवाल्या मुलाची हकिगत सांगितली. त्याला आम्ही वडिलांचं तोंड पाहू दिलं नव्हतं. मृत्यूची बातमी त्याला फोनवर दिली, आणि नंतर त्याच्याशी कुणीच बोललं नव्हतं. त्या रात्री माझ्या पर्समध्ये पिस्तूल असतं तर त्याच्या तिसऱ्या की चौथ्या ठोक्याला मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही. माझा नेम चांगला आहे.

ऑगस्टमध्ये माझ्या लायसन्सची मुदत संपली. नूतनीकरण करायचं ठरवलं असतं तर पुन्हा ४० डॉलर. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही, तरी बरेच जण तो ठेवतात. दुसऱ्या राज्यांत उपयोग होतो, बंदूक घेताना तपासणी लवकर उरकते. मी कागद तसाच राहू दिला.

परवा त्या मुलीला परत फोन केला आणि यातलं बरंचसं सांगितलं. ती खूप वेळ गप्प होती. मग तिने पहिल्यांदा सांगितलं की तिच्या गाडीशी कोण उभा असतो. तिच्याच वॉर्डातून सुटी झालेला एक पेशंट, तीनदा आला होता. मी विचारलं, रिपोर्ट लिहिलास? नाही. चार्ज नर्सला? तोंडी. पोलिसांना? नाही.

आम्ही फोनवरच बसून रिपोर्ट लिहिला. तिन्ही तारखा, वेळ, गाडी कुठे लावली होती ते, कोण सोबत होतं ते. इंग्रजीत एकेक वाक्य ती वाचायची, मी "पुढे" म्हणायचे. पोलिसांत तक्रार द्यायला नवऱ्याला घेऊन जा म्हटलं. लायसन्स काढायचं की नाही हे तिने पुन्हा विचारलं, आणि मी म्हटलं, ते तू ठरव, पण पिशवी कुठे ठेवशील ते आधी मला सांग.

काल रात्री तिचा मेसेज आला. गार्ड गाडीपर्यंत सोडायला येतो आता, आणि तिच्याबरोबर एक फिलिपिनो नर्सही त्याच वेळी निघते, दोघी जोडीने जातात. कमिटीत कोण आहे ते तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. गॅरेजचा दिवाही बंदच आहे, तोंडी सांगितलं म्हणाली.

मी कळवलं, तोंडी नको, तारीख घालून लिही.